‘द अदर विंड’ : अखेरच्या खंडातील नामविचार

अनेक खंडांत पसरलेल्या कथामालिकेचा शेवटचा खंड वाचणे ही एखादा स्वतंत्र ग्रंथ वाचण्याहून निराळी क्रिया आहे. वाचक येथे कोऱ्या मनाने येत नाही. पूर्वीच्या खंडांतील व्यक्ती, स्थळे, नियम आणि त्या नियमांविषयी आपण करून घेतलेली समजूत, ही सारी शिदोरी तो बरोबर आणतो. आणि लेखकही ती गृहीत धरूनच लिहीत असतो. वास्तववादी कादंबरीमालेत ह्या गृहीतांना बाहेरच्या जगाचा आधार असतो. अद्भुतकथेत तो नसतो. तेथील जगाचे नियम लेखकाने सांगितले म्हणूनच खरे. तेव्हा अखेरच्या खंडात लेखकाने त्यांतील एखादा मूलभूत नियमच उलटा करून दाखविला, तर त्याला मूळ कल्पनेचा विकास म्हणावयाचे की वाचकाशी केलेली प्रतारणा, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही.

अर्सुला ले ग्विन (1929–2018) ह्या अमेरिकन लेखिकेच्या अर्थसी-मालिकेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. अर्थसी हे सागरात विखुरलेल्या बेटांचे कल्पित जग. त्यावरील ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ हा पहिला ग्रंथ 1968 साली प्रसिद्ध झाला. ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ व ‘द फार्देस्ट शोअर’ हे पुढील दोन ग्रंथ 1972 पर्यंत आले आणि त्रयी पूर्ण झाली असे सर्वांनी धरले. पुढे 1990 मध्ये ‘टेहानू’ निघाले. त्याच्या उपशीर्षकात हे अर्थसीचे शेवटचे पुस्तक असल्याचे लेखिकेने स्पष्ट म्हटले होते. तेही खरे ठरले नाही. 2001 साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह आणि त्यापाठोपाठ ‘द अदर विंड’ ही कादंबरी अशी आणखी दोन पुस्तके आली. आपले ते उपशीर्षक चुकीचे होते अशी कबुली लेखिकेने कथासंग्रहाच्या प्रास्ताविकात मोकळेपणाने दिली आहे. म्हणजे ह्या मालिकेला एकूण तीनदा शेवट आला. त्यांपैकी तिसरा शेवट येथे विचारार्थ घेतला आहे, कारण मालिकेच्या पहिल्या पानापासून चालत आलेला भाषाविषयक सिद्धान्त त्यात पणाला लागतो.

हा सिद्धान्त प्रथम नीट ध्यानात घेतला पाहिजे. अर्थसीत प्रत्येक वस्तूला एक सत्यनाम आहे. सेगॉय ह्याने नामोच्चाराने बेटे समुद्रातून वर आणली. ज्या भाषेत तो बोलला ती आदिवाणी, आणि त्या वाणीतील नाव म्हणजेच वस्तूचे स्वरूप. ज्याला नाव ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसे आपले सत्यनाम जिवापाड जपतात आणि एखाद्या पक्ष्याच्या, झाडाच्या वा फुलाच्या नावाने रोजचा व्यवहार चालवितात. बालपणीचे नाव वयात येताना काढून घेतले जाते. मूल वाहत्या पाण्यातून पलीकडे जाते आणि मांत्रिक त्याला त्याचे सत्यनाम सांगतो. मालिकेचा नायक गेड हा असाच प्रथम डनी, मग गेड; लोकांत मात्र तो स्पॅरोहॉक ह्या शिकारी पक्ष्याच्या नावाने ओळखला जातो. मराठी वाचकाला नावाविषयीचा हा संकोच अगदीच अपरिचित नाही. गृह्यसूत्रांत केवळ मातापित्यांनाच ठाऊक असावयाच्या गुह्य नामाचा उल्लेख आहे, आणि पतीचे नाव उखाण्यात गुंफूनच घेण्याची रीत तर आजही लग्नमंडपात पाहावयास मिळते.

पहिल्या ग्रंथात एक लहानसे उदाहरण आले आहे. भाषेच्या अभ्यासकाने ते मुद्दाम पाहण्याजोगे आहे. हार्डिक ह्या बोलीत लाटांवरील फेसाला ‘सुकियन’ असा शब्द आहे. ‘सुक’ म्हणजे पीस व ‘इनियन’ म्हणजे समुद्र, ह्या आदिवाणीतील दोन शब्दांच्या समासाने तो बनला. पण सुकियन म्हटल्याने फेस वश होत नाही. त्यासाठी त्याचे स्वतःचे ‘एसा’ हे नाव उच्चारावे लागते. सुकियन हा शब्द फेस कशासारखा दिसतो ते सांगतो. एसा हा फेसच. व्यवहारभाषेतील शब्द व्युत्पत्तीने उलगडतो, घडविता येतो, विसरलाही जातो. आदिवाणीतील शब्दाला घटक नाहीत, इतिहास नाही आणि पर्यायही नाही. शब्द व अर्थ ह्यांचा संबंध नित्य मानणारे मीमांसक आणि तो संकेताने ठरतो असे म्हणणारे नैयायिक ह्यांचे जुने भांडण ले ग्विन ह्यांनी अशा रीतीने एकाच जगात दोन भाषा कल्पून मिटविले आहे, असे गमतीने म्हणता येईल. सोस्यूरने प्रतिपादिलेली यादृच्छिकता हार्डिकला लागू पडते, आदिवाणीला नाही.

परंतु ह्या व्यवस्थेत आरंभापासूनच एक फट आहे. आदिवाणी बोलणाऱ्या माणसाला असत्य बोलता येत नाही. ड्रॅगनांना मात्र ते जमते, कारण ती त्यांची स्वतःची भाषा आहे. ड्रॅगनाला ती जन्मतः येते. माणसाला ती परभाषेसारखी शिकावी लागते. रोक बेटावरील विद्यापीठातले विद्यार्थी एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या पाठ करतात. त्यांचे गुरू कुर्रेमकार्मेरुक रोज नवी यादी लिहून देतात आणि मध्यरात्री तिची शाई उडून जाते. ज्यांनी शब्दसंग्रह घोकून परभाषा शिकली आहे त्यांना हा प्रसंग वाचताना हसू येईल. पण विनोदाच्या आड येथे एक भेद सांगून ठेवला आहे. ड्रॅगन भाषेत राहतो. माणूस भाषा बाळगतो. पहिल्या तीन ग्रंथांत हा भेद केवळ एक नवल म्हणून वावरतो. ‘द अदर विंड’ त्याच्यावरच उभा आहे.

त्या कादंबरीचा आरंभ साधा आहे. आल्डर नावाचा एक सामान्य मांत्रिक वृद्ध गेडकडे येतो. त्याची विद्या लहान, फुटलेली भांडी सांधण्याची. त्याची पत्नी लिलीही तेच काम करणारी; ती बाळंतपणात दगावली. तेव्हापासून त्याला स्वप्नात एका टेकडीवरचा ठेंगणा दगडी गडगा दिसतो. गडग्यापलीकडे मृतांची शुष्क भूमी आहे. तेथे वारा नाही, पाऊस नाही, तारे हलत नाहीत, आणि परस्परांवरील प्रेमापायी मेलेली माणसेही रस्त्यात शेजारून ओळख न देता निघून जातात. हा गडगा मालिकेच्या वाचकाला चांगला परिचित आहे. पहिल्या ग्रंथात एका मरणोन्मुख मुलामागे धावताना गेड तो ओलांडून गेला होता; तिसऱ्यात तर कथेचा कळसच त्याच्या पलीकडे घडतो. परंतु आल्डरच्या स्वप्नात पूर्वी कधी न घडलेली गोष्ट घडते. गडग्यावरून लिली त्याचे चुंबन घेते आणि आपल्याला मुक्त कर असे विनविते. तो तिला तिच्या सत्यनामाने हाक मारतो. त्यावर ती सांगते की ते आता आपले नाव राहिलेले नाही.

मालिकेच्या सबंध विस्तारात ह्याहून अधिक स्फोटक वाक्य नाही. सत्यनाम म्हणजे स्वरूप, ते बदलत नाही, मृत्यूनेही पुसले जात नाही, असे वाचक तेहेतीस वर्षे मानत आला. आणि येथे भांडी सांधणाऱ्या घरची एक मृत स्त्री ते नाकारते. लेखिकेने हा नकार कोणत्याही महामांत्रिकाच्या तोंडी घातला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गेडलाही त्याचा उलगडा होत नाही. तो आल्डरला झोपताना जवळ घेण्यासाठी एक मांजराचे पिल्लू मिळवून देतो, कारण सजीवाच्या स्पर्शाने स्वप्न दूर राहते, आणि त्याला राजा लेबॅनेनकडे धाडतो.

पुढे हळूहळू जो उलगडा होतो तो असा. फार पूर्वी माणसे व ड्रॅगन एकच होते. मग त्यांनी वाटणी केली. ड्रॅगनांनी वारा, अग्नी आणि स्वातंत्र्य घेतले व आदिवाणी आपल्याकडे ठेवली. माणसांनी भूमी, जल आणि हातांनी घडविण्याची कला घेतली व आदिवाणी सोडून देण्याचे मान्य केले. माणसांनी हा करार मोडला. त्यांनी आदिवाणी ठेवून घेतली, तिचे मंत्र केले आणि मरणाच्या भयाने पश्चिमेचा, म्हणजे ड्रॅगनांच्या वाट्याचा, प्रदेश गडगा घालून बळकावला. तेथे आपण अमर राहू अशी त्यांची कल्पना होती. पण मागे राहिली ती केवळ नावे. गडग्याच्या आत वारा शिरेना, कारण वारा त्यांचा नव्हता. ज्या शुष्क भूमीला वाचक आजवर सृष्टिक्रमाचा भाग समजत होता ती प्रत्यक्षात एक जुनी चोरी होती, आणि चोरीचे साधन होते सत्यनाम.

हा शोध ज्या मार्गाने लागतो तो मार्ग भाषाशास्त्रज्ञाला विशेष मोहविणारा आहे. अर्थसीच्या पूर्वेस कार्गी लोक राहतात. त्यांची भाषा वेगळी, त्यांच्यात मंत्रविद्या नाही आणि सत्यनामेही नाहीत. मेलेला माणूस पुन्हा जन्म घेतो अशी त्यांची श्रद्धा. रोकच्या विद्वानांच्या लेखी ते रानटी. त्यांच्या राजाने लेबॅनेनशी तहाची निशाणी म्हणून धाडलेली राजकन्या सेसेराख बुरख्याआड वावरते आणि तिला हार्डिकचा शब्दही येत नाही. तिच्याशी तिच्या भाषेत बोलू शकते ती एकटी टेनार, जन्माने कार्गी आणि संसाराने हार्डिक झालेली गेडची पत्नी. राजकन्या बोलण्याच्या ओघात आपल्या लोकांतील ‘वेदुर्नान’ नावाच्या वाटणीची जुनी गोष्ट सांगते. पश्चिमेकडील परंपरेत ‘वेर्व नादान’ असा एक अर्थ हरवत चाललेला शब्द शिल्लक असतो. दोन्ही एकच शब्द होत हे ध्यानात आल्यावर सारे कोडे सुटते. म्हणजे जे सत्य हजारो नावे पाठ करणाऱ्या रोकच्या पंडितांना नित्य वाणीने दिले नाही, ते दोन मर्त्य भाषांतील रूपे शेजारी ठेवल्याने आणि एका दुभाष्या स्त्रीने केलेल्या साध्या भाषांतराने मिळते. झिजलेले उच्चार, तोंडी परंपरा, अर्थाची हानी, म्हणजे ज्या ज्या गोष्टी आदिवाणीत संभवत नाहीत, त्याच येथे ज्ञानाचा मार्ग होतात. तौलनिक पद्धतीचा ह्याहून सुंदर गौरव ललित वाङ्मयात विरळाच. लेखिकेने तो हेतुतः केला की कथेच्या गरजेने झाला, हा प्रश्न गौण आहे.

आता आक्षेपाकडे वळले पाहिजे. ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये कॉब नावाचा मांत्रिक मृत्यूला नाकारतो, जीवन व मृत्यू ह्यांमधील द्वार उघडे पाडतो, आणि ते बंद करताना गेड आपली सारी विद्या गमावून बसतो. मालिकेतील हा सर्वांत मोठा त्याग. शुष्क भूमी हीच जर मुळात अन्यायाने निर्माण झालेली असेल, तर तिचे द्वार मिटविण्यासाठी सर्वस्व वेचणारा गेड चोरीच्या मालाचा पहारेकरीच ठरत नाही काय? अखेरच्या खंडाने पूर्वीच्या खंडाचे मोल हिरावून घेतले, अशी तक्रार ह्या दृष्टीने अगदीच अनाठायी नाही.

तथापि तिसरा ग्रंथ पुन्हा काढून पाहिला तर ह्या तक्रारीचे उत्तर तेथेच सापडते. कॉबशी वाद करताना गेड असे सांगतो की शुष्क भूमीत दिसतात ती केवळ नावे व सावल्या. थोर मृतांचे खरे अस्तित्व माती, पाणी आणि सूर्यप्रकाश ह्यांत मिसळून गेले आहे. पहिल्या वाचनात हे उद्गार सांत्वनपर वाटतात. अखेरचा खंड वाचून मागे आल्यावर त्यांत एक न उमगलेली विसंगती दिसते. सारे काही जर जीवनाकडे परतले असेल, तर ही नावे येथे का अडकून पडली? 1972 साली लेखिकेने हा प्रश्न नकळत मांडला आणि 2001 साली सोडविला. कॉबचे पाप आणि प्राचीन मांत्रिकांचे पाप एकाच जातीचे: ‘मी’ सरू नये ही हाव. गेड त्या पापाच्या ताज्या रूपाशी लढला; त्याचे जुने रूप गडग्याच्या दगडांत थिजून राहिले होते आणि तेथवर त्याची दृष्टी पोचली नाही. त्याच्या त्यागाचे मोल त्यामुळे घटत नाही, त्याच्या ज्ञानाची मर्यादा तेवढी दिसते. ज्या लेबॅनेनला शुष्क भूमीचा प्रवास केल्यामुळे राजपद लाभले, त्यालाच अखेर तो गडगा पाडण्यास हात लावावा लागतो, ही योजनाही ह्याच सूत्राला धरून आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’मध्ये टेनार ही लहानपणीच देवतांना वाहिलेली पुजारीण आहे. तिचे नाव काढून घेऊन तिला ‘अर्हा’, म्हणजे गिळली गेलेली, म्हणतात. मेलेली पुजारीणच पुनःपुन्हा जन्म घेते अशी तेथील समजूत. गेड तिला तिचे नाव परत देतो आणि ती मोकळी होते. तेथे नाव मिळणे ही मुक्ती आणि पुनर्जन्म हे बंधन. येथे नाव सोडणे ही मुक्ती आणि पुनर्जन्म हा कार्गी लोकांना करार पाळल्याबद्दल मिळालेला हक्क. हा सरळ विरोध आहे, आणि तो पूर्णपणे मिटतो असे म्हणता येत नाही. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. टेनार हे नाव आदिवाणीतील नव्हे. ते तिच्या आईबापांनी ठेवलेले, अंगणात हाक मारण्याचे नाव. गेडने ते तिला परत केले ते माणसांत वावरण्यासाठी. लिली टाकून देते ते नाव निराळे; ते कोणी हाक मारण्यासाठी नसतेच. हाकेचे नाव माणसाबरोबर सरते, आणि सरण्यातच त्याची सार्थकता आहे.

ह्या संदर्भात लेखिकेच्या घरची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ले ग्विन ह्या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर ह्यांच्या कन्या. याही जमातीतला अखेरचा मनुष्य 1911 साली कॅलिफोर्नियात एकटाच सापडला. क्रोबर व त्यांचे सहकारी ह्यांनी 1916 मधील त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची भाषा व जीवनरीती नोंदविली. त्याने आपले नाव कोणालाही सांगितले नाही. ‘इशी’ हे नाव क्रोबर ह्यांनी ठेवले. याना भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘माणूस’. त्याचे चरित्र लेखिकेच्या आई थिओडोरा क्रोबर ह्यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील अनेक आदिवासी समाजांत मृताचे नाव उच्चारणे निषिद्ध असे. युरोक लोकांत तर असा उच्चार हा दंड भरावयाचा अपराध होता. ह्यावरून कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. पण नाव गुप्त ठेवणे आणि मृताचे नाव मुखातून सोडून देणे, ह्या दोन चालींपैकी पहिली मालिकेच्या आरंभी व दुसरी शेवटी यावी, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

कादंबरी निर्दोष नाही. उत्तरार्धात स्पष्टीकरणाचा भार फार वाढतो. सभेत बसलेली माणसे पाळीपाळीने आपल्याकडील तुकडा पुढे ठेवतात, आणि आल्डरच्या स्वप्नांत जी भीती होती ती चर्चेत विरते. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’तील ‘ड्रॅगनफ्लाय’ ही कथा न वाचता येथे आलेल्या वाचकाला इरियन ही स्त्री ड्रॅगन कशी आणि रोकवरील मांत्रिकांत फूट का, ह्याचा पुरेसा बोध होणार नाही. लेबॅनेन व सेसेराख ह्यांचे प्रेमही नियमाने जुळावे तसे जुळते. आणि सर्वांत मोठा प्रश्न अनुत्तरितच राहतो. गडगा पडल्यावर रोकच्या मनोऱ्यातील त्या याद्यांचे काय? मुलांना सत्यनामे द्यावयाची की नाही? मंत्रविद्या उरते की नाही? वाद ज्यावरून पेटला त्याविषयीच कादंबरी मौन धरते. काहींना हे मौन सूचक वाटेल. ज्या मालिकेने प्रत्येक बेटाचे, वाऱ्याचे आणि रूनलिपीचे तपशील इतक्या काटेकोरपणे दिले तिच्याकडून ते अपुरेच म्हटले पाहिजे.

गडगा पडण्याचा प्रसंग मात्र संयमाने लिहिलेला आहे. एका बाजूने माणसे हातांनी दगड काढतात, दुसऱ्या बाजूने ड्रॅगन अग्नीने फोडतात. ज्याची सारी विद्या सांधण्याची, त्या आल्डरने ती आधीच स्वेच्छेने टाकलेली असते. आता तो मोडण्याच्या कामाला लागतो आणि लिलीकडे निघून जातो. मृत लोक वाऱ्यात विरून जातात. भाजलेल्या देहाची टेहानू ड्रॅगन होऊन उडते. तिला कालेसिनने दिलेले नाव आणि तिचा देह ह्यांत आता काही अंतर उरलेले नाही. आदिवाणी ज्यांची होती त्यांच्याकडे ती परत गेली, असे निदान ह्या एका व्यक्तीपुरते तरी म्हणता येते.

त्यानंतर टेनार गाँट बेटावरील आपल्या घरी परतते. गेड घर राखून असतो, भाजीपाल्याची देखभाल करीत असतो. दोघे बोलत बसतात. तिने विचारल्यावरून तो सांगतो की आपण अजून अरण्यात गेलो नाही. ह्या सबंध संभाषणात मंत्राचा एकही शब्द नाही. चालते ती सारी साधी हार्डिक. गेडच्या अखेरच्या घटकांवरील ‘फायरलाइट’ ही लहानशी कथा लेखिकेच्या मृत्यूनंतर 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा ‘द अदर विंड’ ही अर्थसीची अखेरची कादंबरी असली तरी अर्थसीविषयीचे अखेरचे लेखन नव्हे. मात्र ही कथा कादंबरीच्या आधी वाचू नये. गडगा पडलेला आहे हे ठाऊक असलेल्या वाचकालाच गेडच्या त्या निरोपातील शांतपणाचा अर्थ लागतो.